ग्राउब्युंडेन: खिंडी, गावकी आणि तीन भाषा

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, मालोया खिंडीच्या वरच्या अंगाला, लुंगिन नावाची आणखी एक खिंड आहे. उंची २,६४५ मीटर. गाडीरस्ता तिथवर जात नाही, चालतच चढावं लागतं. या खिंडीभोवती पडलेला पाऊस तीन वाटांनी निघून जातो. एका उतारावरचं पाणी इन नदीत उतरतं, इन पुढे डॅन्यूबला मिळते आणि ते पाणी काळ्या समुद्रात पोचतं. दुसऱ्या उतारावरचं पाणी ऱ्हाइनच्या उपनद्यांमधून थेट उत्तर समुद्रात जातं. तिसऱ्या उतारावरचं मायरा नदीतून इटलीत शिरतं, पो नदीला मिळतं आणि एड्रियाटिक समुद्र गाठतं. महाबळेश्वरच्या माथ्यावरून कृष्णा बंगालच्या उपसागराकडे आणि सावित्री अरबी समुद्राकडे जाते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. इथे दिशा दोन नाहीत, तीन आहेत.

पाण्याबरोबर भाषाही बदलते. इन नदीचं खोरं म्हणजे एंगाडिन, तिथली जुनी भाषा रोमान्श. मायराचं खोरं म्हणजे ब्रेगाल्या, तिथे इटालियन. आणि उत्तरेला उतरलं की पहिलं गाव लागतं बिव्हिओ, जिथे इटालियन बोली, रोमान्श आणि जर्मन या तिन्ही भाषा एकाच गावात नांदत आल्या.

हा सगळा मुलूख ग्राउब्युंडेन या कँटनचा, म्हणजे स्वित्झर्लंडच्या एका घटक राज्याचा. क्षेत्रफळाने स्वित्झर्लंडमधलं सर्वांत मोठं कँटन: ७,१०५ चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र जेमतेम दोन लाखांच्या घरात. दक्षिणेला मेसोल्चिना खोऱ्याच्या तोंडाशी जमीन समुद्रसपाटीपासून अवघी २६० मीटर उंच आहे, तर पिझ बर्निना हे शिखर ४,०४९ मीटरवर. या दोन टोकांच्या मध्ये सुमारे १५० खोरी. जर्मन, रोमान्श आणि इटालियन अशा तीन अधिकृत भाषा असलेलं स्वित्झर्लंडमधलं हे एकमेव कँटन. आपल्याकडून स्वित्झर्लंडला जाणारी बहुतेक मंडळी ल्युसर्न, टिटलिस, युंगफ्राउ करून परततात, त्यामुळे हा भाग बराचसा नजरेआड राहतो. माझ्या मते मात्र डोंगर, भाषा आणि सत्ता यांचा एकमेकांशी काय संबंध असतो हे समजून घ्यायला युरोपात याच्याइतकी चांगली जागा क्वचितच असेल.

डोंगरांमुळे भाषा तुटतात आणि वेगळ्या राहतात, असं सहज म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे. ग्राउब्युंडेनमध्ये खरा फरक पाडला तो खिंडींनी: कोणती खिंड कुठे उघडते, वर्षातले किती महिने चालू असते, तिच्यावरून कोण येतं. आणि दुसरा फरक पाडला गावकीने. तिच्याकडे पुढे येऊच.

लॅटिन आली कुठून, गेली कुठे

इ. स. पूर्व १५ मध्ये सम्राट ऑगस्टसचे सावत्र मुलगे टायबेरियस आणि ड्रुसस यांनी हा भाग जिंकला. रोमनांना इथल्या डोंगरांत फारसा रस नव्हता, त्यांना इटलीतून उत्तरेकडे जाणारे रस्ते हवे होते. युलिअर आणि सेप्टिमर या खिंडींवरून त्यांची वाहतूक चाले. या प्रांताला त्यांनी राएतिया म्हटलं. सैनिक, कारकून, व्यापारी यांच्या तोंडची बोली लॅटिन हळूहळू इथल्या लोकांच्या जुन्या भाषेवर पसरली आणि पुढच्या काही शतकांत तिचं जे रूप तयार झालं ते म्हणजे रोमान्श. ही इटालियनची बोली नव्हे आणि फ्रेंचचीही नव्हे. ती लॅटिनची स्वतंत्र लेक आहे.

एकेकाळी ही भाषा उत्तरेला थेट कॉन्स्टान्स सरोवरापर्यंत बोलली जायची. मग ती मागे का सरली? पहिलं कारण लढाईचं नाही, कारभाराचं आहे. कूर हे इथलं मुख्य शहर आणि पाचव्या शतकापासून बिशपचं पीठ. चर्चच्या व्यवस्थेत ते मिलानकडे, म्हणजे दक्षिणेकडे बघत असे. ८४३ मध्ये व्हर्दनच्या तहाने शार्लमेनचं साम्राज्य त्याच्या नातवांमध्ये वाटलं गेलं आणि कूर जर्मनीतल्या माइन्झच्या आर्चबिशपकडे गेलं. म्हणजे पाण्याचा एक वाटा दक्षिणेला जात राहिला, पण पत्रव्यवहार, नेमणुका आणि सरदार उत्तरेकडून येऊ लागले. दरबारी भाषा बदलली की व्यापाऱ्यांची बदलते, मग शहराची. कूर शहर १४६४ मध्ये आगीत मोठ्या प्रमाणावर जळालं. ते पुन्हा उभारायला उत्तरेकडून जर्मन भाषक कारागीर आले आणि बरेचसे तिथेच राहिले. तेव्हापासून कूर जर्मन शहर झालं. याचा परिणाम फार खोल आहे: रोमान्शला स्वतःची राजधानीच उरली नाही. एखाद्या भाषेकडे एक शहर असतं, तेव्हा तिथले छापखाने, शाळा, बाजार मिळून तिला एक रूप देतात. रोमान्शकडे उरली ती फक्त खोरी.

दुसरे जर्मन भाषक आले ते खालून नाही, वरून. तेराव्या-चौदाव्या शतकात आजच्या वाले कँटनच्या वरच्या भागातून वाल्सर म्हणवले जाणारे लोक कुटुंबकबिल्यासह निघाले आणि खिंडी ओलांडत पूर्वेकडे आले. खोऱ्यांचे तळ आधीच रोमान्श शेतकऱ्यांनी व्यापलेले होते. सरदारांनी वाल्सरांना वरच्या, ओसाड, थंड जागा दिल्या आणि बदल्यात वैयक्तिक स्वातंत्र्य व वंशपरंपरागत कसण्याचा हक्क दिला. दावोस, व्हाल्स, आव्हर्स, ऱ्हाइनवाल्ड ही सगळी वाल्सरांची वस्ती. आव्हर्स खोऱ्यातलं युफ हे गाव २,१२६ मीटरवर आहे, वर्षभर माणसं राहतात अशा युरोपातल्या सर्वांत उंच गावांपैकी एक. तिथे झाडं उगवत नाहीत. सरपण नाही म्हणून पूर्वी तिथे मेंढ्यांच्या लेंड्या वाळवून जाळत. अशा ठिकाणी लोक राहिले, टिकले, आणि त्यांची जुनी जर्मन बोलीही टिकली. म्हणून इथला भाषेचा नकाशा बघताना नुसतं उत्तर-दक्षिण बघून भागत नाही, उंचीही बघावी लागते. कितीतरी ठिकाणी खोऱ्याच्या तळाशी रोमान्श आणि त्याच खोऱ्याच्या माथ्याशी जर्मन.

रस्ता भाषा कशी ठरवतो, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण साम्नाउनचं आहे. हे खोरं स्वित्झर्लंडच्या अगदी पूर्व टोकाला. इथले लोक रोमान्शच बोलायचे. पण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एंगाडिनकडून इथे धड गाडीरस्ता नव्हता. मीठ, कापड, बाजारहाट, सोयरीक सगळं ऑस्ट्रियातल्या टिरोलशी. एकोणिसाव्या शतकात साम्नाउनने भाषा बदलली आणि आज तिथे टिरोलची जर्मन बोली बोलतात, जी स्वित्झर्लंडमध्ये दुसरीकडे कुठेही बोलली जात नाही. कोणी सक्ती केली नाही, फक्त बाजार त्या बाजूला होता.

गावांचं राज्य

आता गावकीकडे येऊ, कारण इथला इतिहास राजांचा नाही.

१३६७ मध्ये कूरचा बिशप कर्जबाजारी झाला होता आणि आपल्या संस्थानाचा कारभार ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या हाती देण्याच्या बेतात होता. ते रोखायला कूर शहर, चर्चचे अधिकारी आणि खोऱ्यांमधले लोक एकत्र आले आणि त्यांनी एक संघ केला. त्याचं नाव देवघराचा संघ. १३९५ मध्ये पश्चिमेकडच्या सुरसेल्वा भागात दिसेंतिसच्या मठाधिपतीने आणि सरदारांनी दुसरा संघ केला. १४२४ मध्ये त्रुन गावात एका मेपलच्या झाडाखाली त्याची पुन्हा शपथ घेतली गेली आणि या वेळी गावंही बरोबरीने सामील होती. हा करडा संघ, जर्मनमध्ये ‘ग्राउअर बुंड’, ज्याच्यावरून पुढे सगळ्या प्रदेशाचं नाव पडलं. तिसरा संघ १४३६ चा. टोगेनबुर्गचा शेवटचा काउंट वारसाविना मेला, आणि आपली वाटणी कोणाकोणात होईल या काळजीने दावोस आणि आसपासच्या दहा न्यायक्षेत्रांनी आपसात करार केला.

हे तीन संघ १५२४ मध्ये एका करारपत्राने कायमचे बांधले गेले. त्यांची सामाईक सभा पाळीपाळीने इलांत्स, कूर आणि दावोस इथे भरायची. पण सभेला येणारे प्रतिनिधी स्वतःच्या मर्जीने मत देत नसत. गावकऱ्यांनी सांगितलेलंच मत त्यांनी द्यायचं. महत्त्वाचा प्रश्न आला की तो लेखी स्वरूपात सगळ्या गावक्षेत्रांकडे परत जायचा, तिथे माणसं जमायची, हात वर व्हायचे, आणि ती मतं मोजून निर्णय व्हायचा. सोळाव्या शतकातल्या युरोपात, जिथे इतरत्र राजे आणि सम्राट ठरवत, तिथे हे चाललं होतं. यातही बायकांना मत नव्हतं आणि पैसेवाल्या घराण्यांनी मतं विकत घेण्याचे प्रकार सर्रास होते. तरीही सत्तेचं मूळ गावात होतं, हे नाकारता येत नाही.

धर्मसुधारणेच्या लाटेत याचा कस लागला. १५२४ आणि १५२६ मध्ये इलांत्सला झालेल्या ठरावांनी बिशपची राजकीय सत्ता काढून घेतली, गावांना आपला धर्मगुरू निवडायचा अधिकार दिला आणि कॅथलिक की सुधारित पंथ हे ज्याचं त्याने ठरवावं असं मान्य केलं. त्यामुळे एक गाव कॅथलिक, शेजारचं प्रोटेस्टंट, अशी चित्रविचित्र घडण तयार झाली. ब्रेगाल्या बघा: भाषा इटालियन, पंथ प्रोटेस्टंट. ही जोडी इतरत्र फार दुर्मिळ. शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेत्ती याच खोऱ्यातल्या बोर्गोनोव्होचा, जन्म १९०१ चा.

या गावराज्याची एक काळी बाजूही आहे. १५१२ मध्ये तीन संघांनी दक्षिणेकडचं वाल्तेल्लिना हे मोठं, सुपीक, इटालियन भाषक खोरं जिंकलं. स्वतःसाठी एवढं स्वातंत्र्य मागणाऱ्या या लोकांनी वाल्तेल्लिनाला मात्र रयत म्हणून वागवलं. मत नाही, प्रतिनिधी नाही, अधिकारी उत्तरेकडून. १६२० मध्ये तिथल्या कॅथलिकांनी उठाव केला आणि शेकडो प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. त्याच वेळी तीस वर्षांचं युद्ध पेटलं होतं. मिलान स्पेनकडे, टिरोल ऑस्ट्रियाकडे, आणि दोघांना जोडणारी वाट नेमकी वाल्तेल्लिनातून. फ्रान्सला ती तोडायची होती. दोन दशकं परक्या फौजांनी ही खोरी तुडवली. युर्ग येनाच हा प्रोटेस्टंट धर्मगुरू या धामधुमीत सैनिक झाला, आधी फ्रान्सच्या बाजूने लढला, मग कॅथलिक होऊन स्पेनशी संधान बांधून बसला, आणि १६३९ मध्ये कूरमध्ये त्याचा खून झाला. वाल्तेल्लिना त्याच वर्षी परत मिळालं, पण शहाणपण आलं नाही. १७९७ मध्ये नेपोलियनसमोर हा प्रश्न आला तेव्हाही वाल्तेल्लिनाला बरोबरीचा हक्क द्यायला संघांनी चालढकल केली आणि नेपोलियनने ते खोरं इटलीतल्या आपल्या नव्या प्रजासत्ताकाला जोडून टाकलं. ते पुन्हा मिळालं नाही. त्यांना चौथा संघ म्हणून सामील करून घेतलं असतं, तर आज या कँटनमध्ये इटालियनचं वजन कितीतरी जास्त असतं. आता तिच्याकडे उरली आहेत फक्त मेसोल्चिना, कालांका, ब्रेगाल्या आणि पोस्कियावो ही खोरी. १८०३ मध्ये नेपोलियनच्याच मध्यस्थीने ग्राउब्युंडेन स्वित्झर्लंडचं कँटन झालं.

एका भाषेच्या पाच भाषा

गावकीने रोमान्शला वाचवलं. शाळा कोणत्या भाषेत, प्रवचन कोणत्या भाषेत, गावसभेची नोंद कोणत्या भाषेत, हे गाव ठरवायचं, आणि गावात बहुमत रोमान्श असेल तर वरून कोणी ते पुसू शकत नव्हतं. पण त्याच गावकीने तिला एकही होऊ दिलं नाही.

याकियाम बिफ्रुन या एंगाडिनमधल्या वकिलाने १५५२ मध्ये प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाची छोटी पुस्तिका छापली आणि १५६० मध्ये बायबलच्या नव्या कराराचा अनुवाद. भाषा त्याच्या वरच्या एंगाडिनची, म्हणजे पुतेर. खालच्या एंगाडिनला ती आपली वाटली नाही. १५६२ मध्ये दुरिख खियाम्पेलने तिथल्या वालादेर बोलीत स्तोत्रं छापली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरसेल्वाने तिसरं लिखित रूप उभं केलं, आणि तिथेही प्रोटेस्टंटांचं शुद्धलेखन वेगळं, कॅथलिकांचं वेगळं. शेवटी पाच लिखित रूपं झाली: सुरसिल्वान, सुत्सिल्वान, सुरमिरान, पुतेर आणि वालादेर. घराला पहिल्यात कासा म्हणतात, दुसऱ्यात त्येआ, तिसऱ्यात त्येसा, चौथ्यातही त्येसाच पण लिहायची रीत वेगळी, पाचव्यात त्यासा. ‘मी’ म्हणायला कुठे येउ, कुठे योउ, कुठे इआ, कुठे एउ. पश्चिमेच्या माणसाला पूर्वेच्या माणसाचं बोलणं सवयीने कळतं, पण घाईच्या वेळी दोघंही सरळ जर्मन बोलतात.

पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून इटलीतले राष्ट्रवादी म्हणू लागले होते की रोमान्श ही इटालियनचीच बोली, म्हणजे हा प्रदेशही आमचाच. पाइदर लान्सेल या एंगाडिनच्या कवीने त्याला उत्तर दिलं: आम्ही ना इटालियन, ना जर्मन, आम्हाला रोमान्शच राहायचं आहे. १९१९ मध्ये रोमान्शच्या जतनासाठी लिया रुमांचा ही संस्था निघाली. मुसोलिनीच्या काळात हा दावा अधिक धोकादायक झाला तेव्हा २० फेब्रुवारी १९३८ रोजी देशभर मतदान झालं आणि जवळजवळ ९२ टक्के मतदारांनी रोमान्शला चौथी राष्ट्रभाषा म्हणून मान्यता दिली. ज्या लोकांनी ही भाषा कधी कानांनी ऐकलीही नव्हती, त्यांनी ती मान्यता दिली, याचं मला फार मोल वाटतं. स्विस नोटेवर आजही ‘बांका नात्सिउनाला स्वित्झ्रा’ ही ओळ रोमान्शमध्ये असते.

मान्यता मिळाली, पण माणसं कमी होत राहिली. १८८० च्या जनगणनेत कँटनमध्ये सुमारे ४० टक्के लोक रोमान्श भाषक होते. २००० मध्ये ते प्रमाण साडेचौदा टक्क्यांवर आलं, आणि जर्मन ६८ टक्क्यांवर गेलं. कारणं ओळखीची आहेत. सेंट मॉरित्झमध्ये १८६०च्या दशकात हिवाळी पर्यटन सुरू झालं आणि हॉटेलांबरोबर जर्मन आली. तरुण पोरं नोकरीला झुरिकला गेली. आगगाडीने खोरी उघडली. त्या आगगाडीबद्दल इथे एवढंच: १९१० मध्ये पूर्ण झालेली बर्निना लाइन २,२५३ मीटरवर चढते आणि इटलीतल्या तिरानोला ४२९ मीटरवर उतरते, तेही दातेरी रुळांशिवाय. तिला आणि अल्बुला मार्गाला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ज्या वर्षी आपल्या कालका-सिमल्यालाही मिळाला. मोटारगाड्यांना मात्र या कँटनने १९०० पासून १९२५ पर्यंत रस्त्यावर येऊच दिलं नाही. पुन्हा पुन्हा मतदान झालं, पुन्हा पुन्हा लोक नाही म्हणाले.

१९८२ मध्ये हाइनरिख श्मिड या झुरिकच्या भाषातज्ज्ञाने लिया रुमांचाच्या सांगण्यावरून एक सामाईक लेखी भाषा तयार केली, रुमांच ग्रिशुन. सुरसिल्वान, सुरमिरान आणि वालादेर या तिघींत ज्या शब्दाचं, ज्या रूपाचं बहुमत, ते घ्यायचं, असा तिचा पाया. सरकारी कागदांसाठी ती उत्तम चालली. पण २००३ मध्ये कँटनच्या विधिमंडळाने ठरवलं की शाळेची नवी पुस्तकं फक्त हिच्यातच निघतील, आणि लोक उठले. ही आमच्या आजीची भाषा नाही, कोणाच्याच आजीची नाही, असा सूर होता. सुरसेल्वा आणि एंगाडिनमध्ये आंदोलन उभं राहिलं आणि २०११ मध्ये विधिमंडळाला निर्णय फिरवावा लागला. जी गावं नव्या भाषेकडे गेली होती, त्यांतलीही बरीच परतली.

तज्ज्ञांची अडचण मला समजते. चाळीस-साठ हजार लोकांच्या भाषेत पाच-पाच प्रकारचं गणिताचं पुस्तक छापणं खर्चिक आहे. तरीही मी गावकऱ्यांच्या बाजूने आहे. त्यांनी ही भाषा एक म्हणून कधी जगलीच नव्हती. त्यांनी जगवली होती ती आपापल्या खोऱ्याची भाषा, आणि घरात मुलांशी बोलायला तीच लागते.

सध्याची व्यवस्था अशी आहे. कँटन आपले कागद रुमांच ग्रिशुनमध्ये काढतं, शाळा आपापल्या बोलीत शिकवतात. २००८ पासून लागू असलेल्या भाषा कायद्यानुसार, ज्या गावात किमान ४० टक्के लोक तिथली मूळ भाषा बोलतात ते गाव अधिकृतरीत्या त्या एकाच भाषेचं, आणि २० ते ४० टक्क्यांच्या मध्ये असेल तर दुभाषिक. सुरसेल्वातल्या रोमान्श गावात मूल बालवाडी आणि पहिले वर्ग रोमान्शमध्ये शिकतं, मग जर्मन येते, आणि शाळा संपेपर्यंत दोन्ही भाषा त्याला सारख्याच येतात. फक्त रोमान्शच येणारं मोठं माणूस आज जवळजवळ सापडत नाही. म्हणूनच अडचण कायद्यात उरलेली नाही, गप्पांमध्ये आहे: पाच रोमान्श माणसांच्या टेबलावर एक जर्मन येऊन बसला की सौजन्याने पाचही जण जर्मन बोलू लागतात.